आंदोलन शांततेचं, मग गुन्हा कसा दाखल होतो? या चुका टाळा

पीकविमा असो, उसाचं थकलेलं बिल असो की आरक्षण, मराठवाड्यात आंदोलन सुरू होतं ते निवेदनाने. आणि भानगड बहुतेक वेळा त्याच्या शेवटच्या ओळीत असते: "...अन्यथा १७ सप्टेंबर रोजी ध्वजारोहणावेळी आत्मदहन करू, होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील." तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडे ही ओळ तयारच असते म्हणा. पण सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ खाली वर्षभरापर्यंत कैद आहे. नुसत्या इशाऱ्याने हे कलम लागत नाही, पण आदल्या रात्री तुम्हाला उचलायला पोलिसांच्या हाती कारण मिळतं. "धरणे धरू" एवढंच लिहा, तारीख-वेळ-जागा टाका. धार कमी होत नाही.

"साहेब हो म्हणाले" ही परवानगी नव्हे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा, कारण आव्हान द्यायचं तर हातात कागद लागतो. २०२० मध्ये माजलगावच्या ईदगाह मैदानावर नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात (सीएए) धरणं धरायला परवानगी नाकारली गेली. लोक औरंगाबाद खंडपीठात गेले. खंडपीठाने बीड प्रशासनाचा मनाई आदेश आणि पोलिसांचा नकार दोन्ही रद्द केले. एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून कुणाला देशद्रोही म्हणता येत नाही, असंही सुनावलं.

जमावबंदी म्हटलं की लोक घाबरतात किंवा सरळ दुर्लक्ष करतात. दोन्ही चूक. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश १५ दिवसांपुढे न्यायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणून आदेशाची प्रत मिळवून आधी तारखा वाचा.

रास्ता रोकोत टायर पेटवू नका, रस्ता उखडू नका. राष्ट्रीय महामार्गाची अशी नासधूस केली तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलिसांशी झटापट झाली की सरकारी कामात अडथळ्याचं अजामीनपात्र कलम चिकटतं, आणि मग शांततेचे फोटो दाखवत बसावं लागतं.

ताब्यात घेतलं तर कोरा कागद सही करून देऊ नका. अटकेचं कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. हजर राहण्याची नोटीस आली तर मात्र जा. न जाणं हेच अटकेचं कारण ठरू शकतं.

सगळ्यात महागात पडते ती शेवटची चूक. मंत्री "गुन्हे मागे घेतले" म्हणतात, गावात पेढे वाटले जातात आणि पोरं तारखेला जाणं बंद करतात. सरकारी वकिलाने अर्ज करून कोर्टाने संमती दिल्याशिवाय खटला संपत नाही. तोवर गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं, नेमकं पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीवेळी ते समोर येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.