लाल दिवा दिसला म्हणून पिन टोचू नका: फायबरच्या डब्याबाबतच्या नेहमीच्या चुका

नेट गेलं की लोक सगळ्यात आधी सेफ्टी पिन शोधतात. फायबर इंटरनेटच्या डब्याच्या मागे ‘रिसेट’ लिहिलेलं बारीक भोक असतं, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबायचं, हे कुणीतरी यूट्यूबवर बघितलेलं असतं. माझं या पिनेशी जुनं वैर आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच.

डब्याला (कागदोपत्री ओएनटी किंवा ओएनयू) हात लावण्याआधी त्याचे दिवे बघा. ‘एलओएस’चा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल गेला) दिवा लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच येत नाहीये. वायर तुटली, वाकली, बाहेरच्या पेटीत सुटली, काहीही असेल. पण दोष वायरीच्या वाटेवर आहे, सेटिंगमध्ये नाही. लाल दिवा नाही पण ‘पॉन’ (ऑपरेटरशी जोडणी दाखवणारा दिवा) नुसता लुकलुकतोय, म्हणजे प्रकाश येतोय, पण ऑपरेटरकडचं मशीन तुमच्या डब्याला ओळखत नाहीये. पॉन स्थिर आणि तरी नेट नाही, तर लॉगिन अडकलंय किंवा बिल थकलंय. दुसऱ्या शक्यतेला फार लोकांना राग येतो, पण आधी बिल बघा. या तिन्हींपैकी एकाही दुखण्यावर पिन हे औषध नाही.

इचलकरंजीतल्या एका छापखान्यातली गोष्ट. गणपतीच्या आधीचे दिवस, बॅनर आणि अहवालांची कामं तुंबलेली. समोर मंडप घालताना बांबू लागून वरून आलेली ड्रॉप वायर (खांबावरून दुकानात येणारी फायबरची वायर) तुटली. डब्यावर लाल दिवा. मालकांचा भाचा ‘कम्प्युटरमधला’, त्याने पिन टोचली. दिवा लालच राहिला, म्हणून पुन्हा टोचली. संध्याकाळी लाइनमन आला, अर्ध्या तासात जोड मारून गेला. लाल दिवा विझला, पॉन स्थिर झाला, आणि नेट मात्र सुरू होईना. होणार कसं? त्या डब्यात युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन नंबर (ऑपरेटरने ठरवलेला जोडणीचा क्रमांक) आणि धंद्यासाठी पैसे मोजून घेतलेला स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) हाताने भरलेला होता, तो सगळा पिनेने पुसला. तो कागद कुणाकडेच नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, ऑपरेटरचं ऑफिस बंद. मला बोलावलं तेव्हा मालक मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डिझाइनच्या फायली उतरवत बसले होते आणि भाचा गावाला गेला होता. सोमवारी दुपारी ऑफिसातून माहिती मिळाली, मग डबा पुन्हा भरला. वायरीचं दुखणं एका संध्याकाळचं होतं. पिनेने ते सोमवारवर नेलं.

काही मोठ्या कंपन्यांचे डबे रिसेटनंतर स्वतःच लांबून सेटिंग घेतात, त्यामुळे ‘आमच्याकडे तर चालतं’ म्हणणारे भेटतात. तरी वायफायचं नाव-पासवर्ड मूळ स्टिकरवरचं होतं आणि प्रिंटर, कॅमेरे, टीव्ही सगळे पुन्हा जोडत बसावं लागतं. माझी सवय अशी: कनेक्शन सुरू झालं त्याच दिवशी डब्याखालच्या स्टिकरचा आणि सेटिंगच्या पानाचा फोटो काढून मालकांच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. आणि डबा बंद-चालू करायचाच असेल तर अडॅप्टर काढा, चहाचा एक घोट घ्या, परत लावा. तेवढं पुरतं.

दुसरी लाडकी चूक म्हणजे मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून ऑनलाइन मागवलेला दुसरा राऊटर. त्याच्या खोक्यावर सहा अँटेनांचं चित्र असतं, आत एक पुस्तिका असते आणि ती कुणी उघडत नाही. डब्याच्या लॅन पोर्टातली (घरातली यंत्रं जोडायचं भोक) वायर घ्यायची, नव्या राऊटरच्या दिसेल त्या पोर्टात खुपसायची, झालं. ती लॅनमध्ये गेली की एकाच घरात फोन-लॅपटॉपना आयपी पत्ते वाटणारे दोघे होतात, डबा आणि राऊटर. अनेकदा दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१. मग आईच्या फोनवर नेट चालतं, बाबांच्या नाही. राऊटर बंद-चालू केला की उलटं. लोक कंपनीला शिव्या घालतात आणि लाइनमन येऊन ‘आमच्याकडून ओके’ म्हणून जातो. तो खरं बोलत असतो.

मी काय करतो: नव्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करतो, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करतो आणि मग लॅन ते लॅन वायर जोडतो. राऊटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तोच निवडा. हे नको असेल तर नव्या राऊटरचा पत्ता वेगळ्या मालिकेतला (उदा. १९२.१६८.२.१) ठेवून वायर त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट आत घेणारं भोक) घाला. घरात चालून जातं. दुकानात बाहेरून डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) बघण्यासाठी पोर्ट उघडायचं असेल तर मात्र एकामागे एक दोन राऊटर म्हणजे डोकेदुखी. तिथे ऑपरेटरला डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे डबा नुसता नेट पुढे देतो आणि राऊटरचं काम एकटा तुमचा राऊटर करतो.

आता फायबरच्या टोकाबद्दल. ऑपरेटरकडून निघालेला प्रकाश वाटेत ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, त्यामुळे तुमच्याकडे येतो तोच क्षीण. वायरीतल्या ज्या भागातून हा प्रकाश जातो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. रंगकामाच्या वेळी टोक काढून तसंच लोंबत ठेवलं की धूळ बसते. तोंडाने फुंकू नका, वाफ जमते. टोपण लावून ठेवा. हिरव्या टोकाच्या जागी निळं घालू नका. हिरवं तिरकं घासलेलं असतं, निळं तसं नसतं. ते बसतं, पण प्रकाश वाया जातो. टोकात डोळा घालून ‘लाइट येतो का’ बघणारेही आहेत. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो, बघू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. डबा आपोआप बंद-चालू होत असेल तर आधी अडॅप्टर तपासा. १२ व्होल्टच्या डब्याला ड्रॉवरमधला ९ व्होल्टचा लावून लोक वायफायला दोष देतात. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि वायरीने जोडलेल्या लॅपटॉपवर ९४च्या वर जात नसेल, तर आठाऐवजी चारच तारा जोडल्यात किंवा वायर १००च्या पोर्टात आहे. बऱ्याच स्वस्त डब्यांत एकच पोर्ट गिगाबिटचं असतं. डबा लोखंडी कपाटात ठेवू नका. चपलांच्या रॅकमध्येही नको. शेजारच्या इमारतीत किंवा गोदामात तांब्याची लॅन वायर गच्चीवरून टाकू नका. वळवाच्या विजांत पोर्टं जळतात, तिथेही फायबरच टाका.

तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगून फोन ठेवू नका. ‘एलओएस लाल आहे’ किंवा ‘पॉन लुकलुकतोय’ असं सांगा आणि ऑप्टिकल पॉवर (डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर) किती येते ते विचारा. उणे २७ डीबीएमच्या खाली (उणे २८, उणे २९ असं) असेल तर लाइनमनला जोड पुन्हा मारायला लावा. डबा बदलून देतो म्हणाला तर आधी त्याच्या मीटरवरचा आकडा बघायला मागा.