फेमस लिहू की नोटोरियस? पत्रिकेत पाहुण्यांची ओळख लिहिताना

इंग्रजीत कुणाची ओळख लिहायला बसलात की आधी मराठीतच दोन गोष्टी ठरवा: हा माणूस कुणाला माहीत आहे आणि कशामुळे. शब्द त्यानंतर. मी छापखान्यात प्रुफं तपासते. गॅदरिंगच्या दिवसांत येणाऱ्या इंग्रजी पत्रिकांत सर्जन असो, कीर्तनकार असो की पतसंस्थेचे चेअरमन, सगळे फेमस. आणि फेमस फिका वाटला म्हणून कुणी मोबाइलवर भारदस्त शब्द शोधला, की आमच्याकडे 'नोटोरियस सर्जन', म्हणजे कुप्रसिद्ध सर्जन, छापायला येतो.

शब्दांच्या याद्या घोकू नका, एक प्रकरण लक्षात ठेवा. मार्च १९८६ मध्ये खुनी आणि ठग चार्ल्स शोभराज दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला, पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध चारून. एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात, पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात पकडलं. आता इंग्रजी शब्द वाटा. शोभराज नोटोरियस, कारण त्याचं नाव झालं तेच वाईट कामांनी. तिहारचं पलायन इन्फमस. हॉटेल फेमस, त्याने बिचाऱ्याने काही गुन्हा केलेला नाही. आणि झेंडे सेलिब्रेटेड, कारण लोकांनी त्यांचं कौतुक केलं. यातले दोन शब्द अदलाबदल करून बघा, इन्स्पेक्टरसाहेब थेट कोठडीत जातील.

नोटोरियस आणि इन्फमस यांत फरक कसा करायचा? मी असा करते: खोड असेल तर नोटोरियस, डाग असेल तर इन्फमस. सतत घडणाऱ्या गोष्टीला नोटोरियस चालतो, आणि तिथे गुन्हा असायलाच हवा असंही नाही. मुंबई ट्रॅफिकसाठी नोटोरियस आहे असं खुशाल लिहा, कुणी अब्रूनुकसानीचा दावा लावणार नाही. इन्फमस जरा जड. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपानचा हल्ला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट संसदेत बोलले. टाइप केलेल्या मसुद्यात हा दिवस 'वर्ल्ड हिस्टरी'त राहील असं होतं. त्यांनी ते शब्द स्वतः खोडून वर 'इन्फमी', म्हणजे दुष्कीर्ती, लिहिलं. एका खाडाखोडीत नुसती नोंद होती तिची नालस्ती झाली. प्रूफ तपासणाऱ्याला असं काम बघून हेवा वाटतो.

उच्चाराचंही सांगून टाकते, कारण सूत्रसंचालक इथेच घसरतात. इन्फमसचा उच्चार 'इन-फेमस' नाही, 'इन्फमस' आहे, जोर पहिल्या अक्षरावर. आणि त्याचा अर्थ 'फारसा फेमस नसलेला' असा मुळीच नाही.

चांगल्या बाजूला पायऱ्या जास्त आहेत. वेल-नोन म्हणजे लोकांना माहीत, बस्स. गावातल्या कुणालाही लावा, धोका नाही. फेमस त्याहून मोठा, पण त्यात कामाच्या दर्जाबद्दल काही म्हटलेलं नसतं. मिसळही फेमस असते. रिनाउन्ड म्हटलं की नाव कामामुळे झालं असं सुचतं, म्हणून सर्जनला तो शोभतो. एमिनंट आणि डिस्टिंग्विश्ड हे विद्वानांसाठी आणि पदांसाठी राखून ठेवा. आपल्या संविधानात सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याच्या पात्रता दिल्या आहेत, त्यांतली एक म्हणजे राष्ट्रपतींच्या मते 'डिस्टिंग्विश्ड ज्युरिस्ट', म्हणजे नामवंत कायदेपंडित, असणं. तिथे फेमस घालून वाचा. टीव्हीवर रोज दिसणारे वकील लगेच डोळ्यांसमोर येतात ना?

एमिनंट लिहिताना स्पेलिंग नीट बघा. इमिनंट म्हणजे येऊ घातलेलं, आणि ते बहुधा संकट असतं.

आता रेप्युटेड. स्थळांच्या जाहिरातीत मुलगा नेहमी 'रेप्युटेड कंपनी'त असतो. आपल्याकडे ते चालतं, सगळ्यांना कळतं. पण मुलगा अमेरिकेत अर्ज करणार असेल तर तिथे रेप्युटेबल लिहायला सांगा. तिकडे रेप्युटेडमध्ये 'असं म्हणतात बुवा' हा सूर असतो. तिथली वर्तमानपत्रं कोर्टात अजून काही सिद्ध न झालेल्या माणसाला 'रेप्युटेड मॉब्स्टर' म्हणतात, म्हणजे टोळीवाला असल्याची बोलवा. त्या शेजारी आपली कंपनी कशाला बसवायची?

साध्या 'नोन'वरही नजर ठेवा, त्याचा रंग पुढच्या शब्दावर ठरतो. 'नोन फॉर' नंतर गुण येतो किंवा दोष, 'नोन अ‍ॅज' नंतर टोपणनाव किंवा पद. आणि 'नोन टू द पुलीस' म्हणजे पोलीस खात्यात ओळखी असलेला नव्हे, तर ज्याचं नाव आधीच पोलिसांच्या दप्तरात आहे तो. समाजसेवकाच्या सत्कारपत्रात हे वाक्य माझ्यापुढे आलं तेव्हा मी लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलं.

एका ठिकाणी मात्र लाल पेन आवरा. जमिनीच्या दाव्याच्या इंग्रजी कागदात एखाद्याचा कब्जा 'ओपन अँड नोटोरियस' आहे असं दिसलं, तर वकिलाने अशिलाला शिवी दिलेली नाही. तिथे अर्थ एवढाच, की कब्जा चोरूनलपून नाही, गावात सगळ्यांना दिसेल असा आहे. नोटोरियसला हा जुना, निरुपद्रवी अर्थ कायद्याच्या भाषेत अजून आहे. परस्पर फेमस करून ठेवलंत तर वकीलसाहेब कागद तुमच्याकडूनच परत छापून घेतील, तेही फुकट.