पावसात बाईकवर कोरडं कसं राहायचं: पाणी शिरतं कुठून ते आधी बघा

मी जवळपास दर शनिवारी पुण्याहून माणगावला घरी जातो, बाईकवर, पिरंगुट पौड मुळशी ताम्हिणी विळे निजामपूर असा रस्ता, आणि जुलैमधे ताम्हिणीत पाऊस कसा लागतो ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. पहिली दोन वर्षं चांगला महागातला रेनकोट घेऊनसुद्धा भिजायचो आणि वाटायचं कापडच खराब आहे. मग एकदा घरी पोचल्यावर नीट बघितलं आतले कपडे नेमके कुठे ओले झालेत, तर छाती कोरडी पाठ कोरडी, ओलं काय तर गळा, मनगटं, मांड्यांमधला भाग आणि मोजे. म्हणजे पाणी कापडातून येतच नव्हतं, फटींतून येत होतं. तेव्हापासून मी फक्त या चार जागा सांभाळतो.

सगळ्यात जास्त त्रास मांड्यांमधल्या जागेचा. आपण बसलेलो असतो, जॅकेटवरून ओघळलेलं पाणी सगळं तिथे येऊन साचतं, अक्षरशः छोटं तळं होतं, आणि नेमकी तिथेच पँटच्या चार शिलाया एकत्र येतात. लेबलवर ५००० मिमी, १०००० मिमी असं लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापड झेलतं, पण तो आकडा कापडाचा, शिलाईचा नाही. म्हणून नवीन पँट आणली की घरीच टेस्ट करा. आत जुना पेपर कोंबा, पँट टबात ठेवा, त्या जोडाला हाताने खळगा करून दोन मग पाणी ओता आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. पेपर ओला झाला तर शिलाई गळतेय, बदलून घ्या नाहीतर आतून सीम सीलिंग टेप लावून घ्या. जॅकेट कमरेच्या बरंच खाली येईल इतकं लांब पायजे, आणि गाडी चालवताना साचलेलं पाणी अधूनमधून झटकायचं, म्हणजे सरळ रस्त्यावर वेग कमी असताना फूटरेस्टवर जरा उठायचं, आपोआप निघून जातं.

सीटचं रेक्झिन फाटलं असेल तर पावसाळ्याआधी शिवून किंवा बदलून घ्याच, कारण फोम पाणी पितो आणि तुम्ही बसलात की तेच पाणी खालून वर येतं, मग पँट कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

गळ्याचं म्हणाल तर हेल्मेटच्या मागून पाणी थेट कॉलरमधे उतरतं. कॉलर उंच आणि वेल्क्रोने घट्ट बसणारी बघा. बरेच जण गळ्याभोवती सुती रुमाल किंवा बफ (गळ्यात घालायचं नळीसारखं कापड) बांधतात आणि त्याचं टोक बाहेर ठेवतात, ते टोक भिजलं की रुमाल दिव्याच्या वातीसारखं पाणी आत ओढतो आणि छातीपर्यंत ओल पसरते. रुमाल पूर्ण आत खोचा. हेच टीशर्टच्या बाहीचं, रेनकोटच्या बाहेर एक बोटभर जरी आली तरी कोपरापर्यंत ओलं.

मनगटाला ग्लोव्ह्ज आत आणि रेनकोटची बाही वरून, कारण पाणी खांद्याकडून हाताकडे वाहतं, ग्लोव्ह वरून घातला तर त्याची वाटी होते आणि भरते. पायाला पण तसंच, पँट बुटाच्या बाहेरून. आणि दुकानात रेनकोट उभं राहून ट्राय करू नका, बाईकवर बसून हँडल धरून बघा, बसल्यावर पँट वीतभर वर सरकते आणि बाह्या पण, त्यामुळे एक साइझ मोठाच घ्यायचा. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा घोळदार रेनकोट, मात्र नको, तो फडफडून चेनमधे किंवा चाकात जाऊ शकतो, शिवाय मागची लाईट झाकतो. रंग काळा घेऊ नका प्लीज, घाटातल्या धुक्यात मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसायला पायजे, पिवळा किंवा पोपटी घ्या, रिफ्लेक्टर असलेला.

आतून जीन्स घालू नका, भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही, पातळ ट्रॅकपँट बरी. रेनकोट पाऊस सुरू झाल्यावर नाही, ढग दिसले की घाला, आणि तेही पेट्रोल पंपावर किंवा टपरीवर, फ्लायओव्हरखाली रस्त्यातच थांबणं फार धोक्याचं. बूट न काढता पँट चढवायची असेल तर बुटावर एक गुळगुळीत पिशवी चढवा, पाय सरकन आत जातो, चिखलही आत लागत नाही. बॅगेला वरून कव्हर असलं तरी आत एक मोठी कचऱ्याची पिशवी घालून कपडे त्यातच भरा, कव्हर पाठीकडून उघडंच असतं.

हेल्मेटची काच म्हणजे व्हायजर आतून धूसर होतो त्याला पिनलॉक (व्हायजरच्या आत बसवायची वाफ न धरणारी जादा काच) सगळ्यात भारी, नसेल तर दाढीच्या फोमचा पातळ हात आतून फिरवून कोरड्या कपड्याने पुसून टाका, त्या दिवसापुरतं काम होतं. काळी काच पावसात अजिबात नको.

बोटं गारठली की ब्रेक उशिरा दाबला जातो, म्हणून थंडी वाजायला लागली की थांबा, चहा घ्या, कोरडे मोजे घाला, मी एक जोडी कायम बॅगेत ठेवतो. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा पांढरे पट्टे आणि पुलाचे लोखंडी जॉइंट जपून, आणि लावणीच्या दिवसात मुळशीच्या पुढे ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल वळणावरच पडलेला असतो. मोरीवरून पाणी वाहत असेल तर जायचंच नाही, कितीही उथळ वाटलं तरी, खालचा रस्ता शिल्लक आहे का ते वरून कळत नाही.

घरी पोचलात की रेनकोट ओला घडी करून ठेवू नका, आतली बाजू बाहेर करून पंख्याखाली टांगा, नाहीतर कुबट वास येतो आणि आतला थर सोलवटतो, इस्त्री तर कधीच नाही. हेल्मेटचं अस्तर काढून वाळवा. बुटात पेपरचे बोळे कोंबा आणि तासाभराने ते काढून नवीन घाला, पहिले बोळे इतकं पाणी ओढतात की हातात पिळता येतात, झोपायच्या आधी अजून एकदा बदललेत की सकाळी बूट घालण्यासारखे झालेले असतात.