सायबर सुरक्षा विश्लेषक व्हायचंय? आधी लॉग वाचायला शिका

या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक जण मला विचारतात, "हॅकिंग कुठून शिकू?" मी सॉकमध्ये, म्हणजे चोवीस तास अलर्टवर (धोक्याच्या सूचनांवर) नजर ठेवणाऱ्या टीममध्ये शिफ्ट सांभाळते आणि नव्या लोकांच्या मुलाखतीही घेते. विश्लेषकाची सुरुवात वेगळ्या प्रश्नापासून व्हावी, असं मला मनापासून वाटतं: या मशीनवर रोज काय घडतं? मशीनने ठेवलेल्या याच्या नोंदी म्हणजे लॉग. रोजचं ठाऊक असेल तरच वेगळं काही घडलं की ते खुपतं.

१९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी तो फरक सोडून दिला नाही. माग काढता काढता एक घुसखोर सापडला. तो लष्करी संगणकांत शिरत होता आणि मिळवलेली माहिती केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेकडे जात होती. आज साधनं पार बदलली, पण न जुळणाऱ्या छोट्या गोष्टीचा पिच्छा पुरवणं हेच अजून आमचं काम आहे.

पाया दोन गोष्टींचा: नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम. नेटवर्कसाठी वायरशार्क हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन घ्या, स्वतःच्या मशीनचा ट्रॅफिक पकडा आणि एखादी वेबसाइट उघडताना काय काय होतं ते ओळीओळीने समजून घ्या. डीएनएसची विचारणा (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं), टीसीपीचा तीन टप्प्यांचा हँडशेक (जोडणी), मग ४४३ पोर्टवर टीएलएस (कूटबद्ध संवाद). पोर्ट म्हणजे मशीनवरच्या एखाद्या सेवेचा क्रमांक दिलेला दरवाजा. पोर्टचे आकडे नुसते पाठ करू नका, त्यांच्यामागची गोष्ट समजून घ्या. ४४५ हा विंडोजच्या फाइल शेअरिंगचा पोर्ट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच वाटेने पसरला, आणि त्यावरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. एवढं कळलं की ४४५ इंटरनेटला उघडा दिसल्यावर हात आपोआप फोनकडे जातो.

ऑपरेटिंग सिस्टीमबाबत पहिली सवय लावायची ती प्रोसेसचे, म्हणजे चालू प्रोग्रामचे, आईबाप बघण्याची: त्याला कुणी सुरू केलं? विंडोजच्या सेवा चालवणारा एसव्हीसीहोस्ट जवळपास नेहमी सर्व्हिसेस या प्रोसेसच्या पोटी जन्मतो, दुसऱ्या कुणी त्याला सुरू केलं असेल तर चौकशी करायची. वर्डच्या पोटी पॉवरशेल (विंडोजचं कमांड चालवायचं साधन) जन्मला आणि त्याच्या कमांडमध्ये बेस६४ची, म्हणजे अक्षर-आकड्यांत बदलून लिहिलेल्या मजकुराची, लांबलचक ओळ असेल, तर ती उलगडून वाचल्याशिवाय तो अलर्ट बंद करायचा नाही.

आता घरची लॅब. माझ्या मते यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. व्हर्च्युअलबॉक्सवर, म्हणजे एका संगणकात आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एक विंडोज आणि एक लिनक्स मशीन उभं करा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं मोफत सिस्मॉन टाका, ते प्रोसेस आणि त्यांच्या कमांडची तपशीलवार नोंद ठेवतं, आणि सगळे लॉग वाझूसारख्या लॉग एकत्र तपासणाऱ्या ओपन सोर्स साधनात गोळा करा. विंडोज स्वतःही प्रोसेस सुरू झाल्याची नोंद ४६८८ या क्रमांकाने ठेवू शकतं, पण पूर्ण कमांड लाइन त्यात आपोआप येत नाही, ती सेटिंगमधून चालू करावी लागते. मग लिनक्सवरून आपल्याच विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपवर (दुरून मशीन वापरायची सोय) चुकीचे पासवर्ड टाकून बघा. फक्त स्वतःच्या मशीनवर. दुसऱ्याच्या मशीनवर परवानगीशिवाय केलेला "सराव" हा गुन्हा ठरू शकतो, आणि विश्वासावर चालणाऱ्या या पेशात असा डाग पुसला जात नाही.

चुकलेल्या प्रत्येक लॉगिनची नोंद ४६२५ क्रमांकाने दिसेल. तिथे थांबा आणि ती उघडून पूर्ण वाचा. सबस्टेटस कोडच्या (लॉगिन का फसलं ते सांगणाऱ्या) शेवटी ६४ असेल तर त्या नावाचं खातंच नाही. ६ए असेल तर नाव बरोबर आहे, पासवर्ड चुकला आहे. म्हणजे समोरचा नावांचा अंदाज बांधतोय की त्याच्याकडे नावांची खरी यादी आहे, हे एका कोडवरून कळू लागतं. लॉगॉन टाइप, म्हणजे लॉगिन कोणत्या वाटेने झालं त्याचा क्रमांक, तोही बघा. रिमोट डेस्कटॉपचा टाइप १०, असं सगळीकडे शिकवतात. पण नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (डेस्कटॉप उघडण्याआधीच ओळख तपासणं) चालू असेल तर तिथले फसलेले प्रयत्न टाइप ३ म्हणून दिसतात. लॅबमध्ये हे स्वतः पाहिलेला उमेदवार मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

आता हाच अलर्ट खऱ्या कामात आला असं समजा: शेकडो ४६२५. आधी वेळा बघा. नोंदी अगदी ठरावीक अंतराने येत असतील आणि आतल्याच एका सर्व्हरवरून येत असतील, तर पासवर्ड बदलल्यावर जुनाच पासवर्ड घेऊन बसलेली एखादी सर्व्हिस किंवा शेड्यूल्ड टास्क असण्याची शक्यता मोठी. बाहेरच्या आयपी पत्त्यावरून अनेक खात्यांवर प्रत्येकी एक-दोनच प्रयत्न असतील, तर तो पासवर्ड स्प्रे, म्हणजे तेच मोजके पासवर्ड अनेक खात्यांवर लावून बघणं, असू शकतो. त्यात सहसा एकही खातं लॉक होत नाही, म्हणून तो नजरेतून निसटतो. पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: त्याच पत्त्यावरून नंतर ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन झालं का? झालं असेल तर त्यापुढे ४७२० म्हणजे नवं खातं, ७०४५ म्हणजे नवी सर्व्हिस, किंवा ११०२ म्हणजे सिक्युरिटी लॉग पुसल्याची नोंद आहे का? यातलं काही सापडलं तर पुढचा तपास एकट्याने करत बसायचं नाही. लगेच वरच्या लेव्हलला एस्कलेट करायचं, म्हणजे अधिक अनुभवी टीमकडे सोपवायचं.

आणि हे सगळं लिहून काढायचं. मी इथे आग्रही आहे, कारण चांगला तपास करूनही तिकिटात (अलर्टच्या कामाच्या नोंदीत) "तपासले, फॉल्स पॉझिटिव्ह" (खोटा अलर्ट) एवढंच लिहिणारे हुशार लोक मी पाहते आणि मला वाईट वाटतं. पुढच्या शिफ्टला त्यातून काहीच मिळत नाही. काय दिसलं, कुठे शोधलं, काय सापडलं नाही आणि निष्कर्ष कशावरून काढला, हे चार-पाच वाक्यांत आलं पाहिजे. वेळेसोबत टाइमझोन लिहा, शक्यतो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). फायरवॉल एका वेळेत आणि सर्व्हर दुसऱ्या वेळेत बोलत असतील तर घटनांचा क्रम उलटा लागतो. लॅबमधल्या प्रत्येक प्रयोगाची अशी नोंद ठेवा आणि त्याला मायटर अटॅक या हल्ल्याच्या पद्धतींच्या यादीतला क्रमांक जोडा, उदाहरणार्थ ब्रूट फोर्ससाठी (पासवर्डचा भडिमार) टी१११०. अशा नीट लिहिलेल्या नोंदी अर्जासोबत पाठवल्या तर अनुभवाचा रकाना रिकामा राहत नाही.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. सुरुवातीला एक पुरे. कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस परीक्षेत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि ९०० च्या मापावर ७५० लागतात. अर्ज चाळणीतून पुढे जायला त्याचा उपयोग होतो, अभ्यासाला शिस्तही येते. एकामागून एक प्रमाणपत्रं घेत सुटण्यापेक्षा तो वेळ लॅबला द्या. प्रोग्रामिंगमध्ये लॉगची फाइल वाचून त्यातले पत्ते मोजण्याइतकं पायथन आलं की सुरुवात होते.

हेल्पडेस्क किंवा सिस्टीम अॅडमिनचं काम करत असाल तर ते वाया गेलेलं समजू नका. वापरकर्ते खरोखर कसे वागतात हे तुम्हाला माहीत असतं, आणि अलर्ट तपासताना ती माहिती फार उपयोगी पडते.

मुलाखतीत मी एखादा अलर्ट समोर ठेवते आणि विचारते, "आता काय कराल?" उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा, पण पुढे काय तपासाल तेही सांगा. हे मशीन कुणाचं, तो माणूस काय काम करतो, हा पत्ता आधी दिसला होता का, असे उलट प्रश्न मला विचारा. संशयास्पद फाइल थेट व्हायरसटोटलवर (फाइल तपासून देणारी वेबसाइट) टाकेन म्हणालात तर मी थांबवेन. तिथे टाकलेली फाइल इतरांच्याही हाती लागू शकते, आणि तिच्यात कंपनीची गोपनीय माहिती असू शकते. आधी फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-कोड, काढा आणि तोच तिथे शोधा.

नोकरी लागल्यावर बहुधा रात्रपाळी येईल आणि दिसणाऱ्या अलर्टपैकी पुष्कळसे निरुपद्रवी निघतील. अलर्ट देणारा एकच नियम सारखा खोटा ओरडत असेल तर निमूट बंद करत राहू नका. त्याची उदाहरणं गोळा करा, कोणती अट घातली तर तो शांत होईल आणि त्या अटीमुळे खरा हल्ला तर निसटणार नाही ना, हे लिहून डिटेक्शनचं, म्हणजे हे नियम लिहिण्याचं, काम बघणाऱ्यांकडे पाठवा.