पेशवाईतल्या दरोड्याचा मोडी कागद कसा वाचावा

घरच्या जुन्या रुमालात, म्हणजे कागदांच्या कापडी गाठोड्यात, दरोड्याचा कागद निघाला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'मग त्याचे हात तोडले की मान?' मी म्हणते, शिक्षा मागाहून बघू, आधी पैसा कोणी भरला ते शोधा. पेशवाईतल्या चोरी-दरोड्याच्या कागदात शिक्षेला जेमतेम एक ओळ मिळते, कधी तीही नाही. माल, माग, जामीन आणि भरपाई यांना मात्र बंदच्या बंद, म्हणजे कागदाचे तावच्या ताव. हे डोक्यात ठेवून वाचलं तर कागद बोलतो. नाहीतर माणूस रक्त शोधत बसतो आणि समोरचा मजकूर निसटतो.

मी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कारकुनी केली, मोडीवर हात तिथेच बसला. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला आणि आम्हा मोडीवाल्यांना उतारवयात भाव आला. वतनाच्या आशेने लोक पिशव्या भरभरून कागद आणतात. त्यात कधी पाटीलकी निघते, कधी कर्जरोखा, आणि कधी पणजोबांच्या पणजोबांचं नाव दरोड्याच्या कागदात. हे लिहिणं अशा मंडळींसाठी आहे. मोडी अक्षरओळख आहे असं मी धरून चालते. नसेल तर आधी बाराखडी गिरवा, त्याला दुसरी वाट नाही.

कागद उलगडताना घडीवर जोर देऊ नका, बोटाला थुंकी लावू नका. खिडकीशी तिरप्या उजेडात मोबाईलवर फोटो काढा आणि पुढचं सगळं वाचन फोटोवरून करा. शाई उडालेली जागा तिरप्या उजेडात पुष्कळदा उमटते. मोडीत शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. कारकून आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली अक्षरं लटकावत जाई. म्हणून पहिल्या वाचनात शब्द तोडत बसू नका. ओळखीचा शब्द दिसला की त्याला धरा आणि तिथून दोन्हीकडे सरका. 'मौजे' (गाव), 'मजकूर' (सदर), 'म्हणोन' (म्हणून), 'ऐशियास' (तर आता), 'जाणिजे' (हे जाणावे) हे पाच सापडले तरी सांगाडा उभा राहतो.

मग तारीख. ती बहुधा शेवटी असते आणि नवख्याची तिथेच दांडी उडते. 'छ ७ रजब' असं दिसलं तर 'छ' म्हणजे चंद्र, अर्थात रजब महिन्याचा सातवा चंद्र. सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या दप्तरातली वर्षगणना, मात्र आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि एकम आधी येतो. 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७७. हा सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला त्यात ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. रजब चांद्रमास असल्यामुळे इंग्रजी वर्षात तो सरकत राहतो, तेव्हा तो कोणत्या बाजूला पडतो हे जंत्रीत बघावंच लागतं. या सनात रजब पावसाळ्यात येतो, म्हणून या उदाहरणातली तारीख ऑगस्ट १७७६ मधली. सवाई माधवरावांची पेशवाई, कारभार नाना फडणिसांच्या हाती. याची गरज शिक्षेपाशी आल्यावर कळेल. 'सबा' आणि 'सबैन' यांत घोटाळा करू नका. पहिला सात, दुसरा सत्तर. 'सलास'-'सलासीन', 'अर्बा'-'अर्बैन', 'खमस'-'खमसैन' यांचंही तसंच.

आता कोणी कोणाला लिहिलं ते पाहा. शेवटी 'जाणिजे' असेल तर वरून खाली आलेला हुकूम. 'हे विनंती' किंवा 'विज्ञापना' असेल तर खालून वर गेलेला अर्ज नाहीतर कळवणी. दरोड्यात हा फरक फार मोठा. लुटला गेलेला सावकार अर्जात माल फुगवून सांगतो, गावचा पाटील तो आटवून सांगतो, आणि हुजुरातून, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातून, आलेल्या ताकिदीत दोन्ही ऐकून तिसराच आकडा असू शकतो.

सरावासाठी मी स्वतः जुळवलेला एक नमुना देते. खरा कागद नव्हे, पण वळण तेच:

'मौजे मजकुरी रात्रौ दरोडा पडोन सावकाराचे घर लुटिले. जागले याणी माग काढिला तो शिवेपावेतो गेला. पुढील गावचे जागले माग घेत नाहीत म्हणोन हुजूर विदित जाहले. ऐशियास माग पुढे चालवावा, नाही तरी मालाचा ऐवज गावापासोन भरून देवावा. ये विषयीं फिरोन बोभाट येऊ न देणे. जाणिजे. छ ७ रजब.'

यात चोराचं नाव नाही. शिक्षाही नाही. आणि तरी सरकारला काय हवंय ते लख्ख आहे: कोणीतरी पैसे भरा. 'बोभाट' म्हणजे तक्रार, ती परत पुण्यापर्यंत येता कामा नये. माझ्या मते सगळ्या कागदाचा जीव त्या एका वाक्यात आहे.

मागाची पद्धत नीट समजून घ्या, कारण अर्धे कागद तिच्याभोवती फिरतात. गावात रात्री चोरी झाली की माग काढणं जागल्याचं, म्हणजे गावच्या राखणदाराचं, काम. कुठे हा रामोशी, कुठे भिल्ल, कुठे आणखी कोणी. पावलांच्या खुणा धरत तो शिवेपर्यंत जाई. पलीकडच्या गावच्या जागल्याला 'हा बघ, माग तुझ्या हद्दीत शिरला' असं पटवून दिलं की पहिल्या गावाची जबाबदारी संपली, दुसऱ्याची सुरू. माग ज्या गावात शेवटचा स्पष्ट दिसला, त्या गावावर चोरीच्या मालाची भरपाई. आधी जागल्याची ऐपत असेल तेवढं त्याच्याकडून, उरलेलं गावावर बसे. पेशवाई जाऊन कंपनीचं राज्य आलं तेव्हा, १८१८ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन इथला कमिशनर झाला. त्याने १८१९ च्या अहवालात ही रीत सविस्तर लिहून ठेवली आहे आणि भरपाईची सक्ती अन्यायाची आहे असंही म्हटलं आहे. नव्याने राज्य घेतलेल्या माणसाचं हे लिहिणं, ते बेतानेच घ्यावं. पण मागाचं वर्णन कागदांशी जुळतं.

म्हणून वाचताना 'शीव' हा शब्द दिसला की पेन्सिलीने खूण करा. शिवेवर ओढा आहे का, खडक आहे का, गुरांची वाट आहे का, हे कागदात येतं, कारण माग तिथेच पुसला जातो. दोन गावांचं भांडण कित्येकदा चोराबद्दल नसतंच. माग ओढ्याच्या अलीकडे तुटला की पलीकडे, एवढ्यावर ते चालतं. पावसाळ्यातला कागद असेल तर चिखलात उठलेलं पाऊल आणि रात्रीतून वाहून गेलेलं पाऊल, दोन्ही शक्यता ध्यानात असू द्या.

मालाची यादी वेगळ्या बंदावर असते, आणि मला विचाराल तर वाचायला सगळ्यात गोड तीच. लुगडी, खण, पागोटी, तांब्ये, पराती, मग दागिने. सोनं तोळे, मासे, गुंजांत: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. अपूर्णांक उभ्या दंडांनी दाखवतात. १२। म्हणजे सव्वाबारा, १२॥ साडेबारा, १२॥। पावणेतेरा. हे दंड विरामचिन्हं समजून सोडून दिलेत तर बेरीज जुळणार नाही. बेरीज स्वतः करून बघाच. कारकुनाची बेरीज बहुतेक बरोबर असते, आपली चुकते, आणि ती चुकली की कोणता आकडा उलटा वाचला ते कळतं. मोडीतला एक आणि नऊ नवख्याला फार छळतात.

काही शब्द आज वेगळ्या अर्थाने चालतात आणि ते वाचणाऱ्याला खड्ड्यात घालतात. 'गुन्हेगारी' म्हणजे दंडाची रक्कम. 'अमक्याकडून गुन्हेगारी घेतली' यात तो सराईत होता असं काही नाही, त्याने दंड भरला इतकंच. 'मसाला' म्हणजे बोलावणं घेऊन येणाऱ्या शिपायाचा खर्च, तोही ज्याला बोलावलं त्याच्याच डोक्यावर. एका गृहस्थांनी हा शब्द वाचून पूर्वजांचा मिरी-मसाल्याचा व्यापार जवळजवळ सिद्ध करत आणला होता. 'पारिपत्य करावे' म्हणजे बंदोबस्त करा, अद्दल घडवा. त्यातून देहदंड काढू नका. देहदंड असेल तर कारकून आडवळण घेत नाही, सरळ 'गर्दन मारावी' किंवा 'डोके मारावे' लिहितो. 'हात पाय तोडावे' हेही तितकंच कोरडं.

आता शिक्षा. इथे जरा थांबून वाचा. दरोड्याला शिक्षा काय, याला एकच उत्तर नाही. ते काळावर अवलंबून, आणि त्याहून जास्त माणसाच्या जातीवर. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशींचा अभ्यास करून दाखवलं की साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात शिक्षा सौम्य होत्या आणि नाना फडणिसांच्या कारभारात त्या कडक झाल्या, हातपाय तोडण्याचे हुकूमही निघाले. म्हणून आधी सन नक्की करायला सांगितलं. दुसरी गोष्ट एल्फिन्स्टन स्पष्ट लिहितो: खुनाला बहुधा दंडावर भागे, पण वाटमारीला बहुधा मरण, कारण ती करणारे खालच्या जातींतले असत, शिक्षेतला फरक गुन्ह्यापेक्षा जातीवरून जास्त पडे. ब्राह्मणाला उघड देहदंड नव्हता आणि बायकांना ठार मारत नसत. पण ब्राह्मण कैद्याला निम्मं पीठ, निम्मं मीठ अशी भाकरी देऊन संपवण्याची रीतही तो नोंदवतो. हात, पाय, नाक, कान तोडलेल्या माणसाला तिथल्या तिथे सोडून देत, पुढे तो जगो की मरो. चोरीच्या कैद्याला माल कुठे पुरला ते सांगावं म्हणून अधूनमधून फटके. बाकीच्यांची रवानगी डोंगरी किल्ल्यावर. एखाद्या किल्ल्याच्या हिशेबात कैद्याच्या शिध्याची नोंद आढळली तर ती दरोड्याच्या कागदाशेजारी ठेवा. नोंद कधी थांबते ते पाहिलं की पुष्कळ कळतं.

पुरावा नसला आणि दोघेही शपथेवर अडले तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हाताला पिशवी बांधून वर मोहोर आणि ठरल्या दिवशी उघडून फोड आला की नाही ते पाहायचं. 'दिव्य' शब्द दिसला तर हात कधी उघडला ती तारीख शोधा. निकाल तिथे आहे.

आणि जामीन. एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत, त्यातही वर्तमानपत्रात गुंडाळून एक कागद घेऊन आले होते. घरात तो सनद म्हणून दसऱ्याला पुजत. निघाला हाजिरजामिनाचा कतबा, म्हणजे लेखी हमी: दरोड्याच्या आळातल्या एका इसमाला बोलावतील तेव्हा हजर करीन, न केला तर मी जबाब करीन. आजोबा खालच्या आवाजात म्हणाले, 'ताई, आमचं नाव त्यात आलंय हे कुठं लिहू नका.' मी म्हटलं, काका, तुमचे पूर्वज चोर नव्हते, चोराला जामीन राहण्याइतकी त्यांची पत होती. हाजिरजामीन माणूस हजर करण्याची हमी देतो, मालजामीन पैशाची, फैलजामीन पुढच्या वर्तणुकीची. तिन्हींत सही करणारा आरोपी नसतो. तेव्हा नाव सापडलं की ते वाक्यात कुठे बसलंय ते आधी बघा.

प्रत्यक्ष आरोपीचं नाव निघालं तरी दमाने घ्या. लुटणाऱ्या टोळीच्या नायकाला कौल (अभयाचं वचन) देऊन त्याच मुलखाची रखवाली सोपवणं ही नेहमीची सरकारी चाल होती, त्यामुळे एका कागदात दरोडेखोर आणि दुसऱ्यात चाकर, असा तोच माणूस भेटतो. कंपनी सरकारनेही तेच केलं. उमाजी नाईकांना आधी माफी देऊन चाकरीत घेतलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिली. तेव्हा 'दरोडेखोर' हा शब्द कोणत्या कचेरीने लिहिला, हे त्या शब्दाशेजारी टिपून ठेवा. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा बदलत-बदलत १९५२ पर्यंत टिकला. तो मनात घेऊन १७७६ चा कागद वाचलात तर प्रत्येक रामोशी तुम्हाला चोर दिसेल, आणि कागदात तो माग काढणारा असेल.

शेवटचं काम लिप्यंतराचं. कागदात 'पडोन' असेल तर 'पडोन'च लिहा, 'पडून' नको. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबं द्या, अंदाज कंसात द्या आणि तो अंदाज आहे हे कळू द्या. ओळ जिथे तुटते तिथे आडवी रेघ मारा, म्हणजे दुसऱ्याला मूळ कागदाशी ताडता येईल. पाठची बाजू विसरू नका, दप्तरात कधी दाखल झाला त्याचा शेरा तिथे असू शकतो. मूळ कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा आणि जवळपासच्या पुराभिलेखागारात एकदा दाखवून आणा.