मन ताब्यात कसं आणायचं? दाबू नका, सोकवा

मन ताब्यात ठेवायचं म्हणजे त्याला दाबून धरायचं असं आपल्याला वाटतं आणि तिथंच सगळं चुकतं. मी पण बरेच दिवस हेच केलं, कोल्हापुरात रंकाळा तलावावर पहाटे जाऊन डोळे मिटून बसायचो, विचार आला की दात आवळून ढकलायचो, पाच मिनिटांत डोकं जड आणि मग घरी येऊन चिडचिड.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन सरळ सांगतो की मन आवरणं म्हणजे वारा धरून ठेवण्याएवढं अवघड आहे, आणि श्रीकृष्ण त्याला खोडून काढत नाहीत, हो अवघड आहेच म्हणतात, पण अभ्यासानं, म्हणजे रोजच्या सरावानं, आणि वैराग्यानं, म्हणजे ओढ सोडण्यानं, ते हाताला लागतं. पतंजलींच्या योगसूत्रात, म्हणजे योगावरच्या जुन्या ग्रंथातही, हेच दोन शब्द आहेत. मग करायचं काय?

आधी जागा आणि वेळ ठरवा. रोज तीच जागा, तीच वेळ, दहा मिनिटं बास. रंकाळाच पाहिजे असं काही नाही, देवघरासमोर किंवा गच्चीवर बसलात तरी चालतंय, फक्त मोबाईल दुसऱ्या खोलीत. पोट तुडुंब भरलेलं नको आणि रिकामंही नको, हे पण गीतेतच आहे, तांबडा-पांढरा रस्सा हाणून लगेच ध्यानाला बसलं की झोपच लागणार.

मग श्वास. आत घेताना जबरदस्ती करायची नाही, सोडताना मात्र सावकाश, शेवटपर्यंत. योगसूत्रात श्वास बाहेर सोडणं आणि थोपवणं हा मन शांत करायचा एक उपाय सांगितलाय, पण नवीन माणसानं थोपवायच्या भानगडीत पडू नये, नुसतं सावकाश सोडा. बीपीचा, दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

आता मन पळणारच. ऑफिस, ईएमआय, काल कोण काय बोललं. पळालं हे कळलं की स्वतःवर चिडायचं नाही, गपचूप परत श्वासावर आणायचं. गीता म्हणते जिथं जिथं मन जाईल तिथून तिथून परत आणावं, म्हणजे ते जाणार हे धरूनच चाललंय की! दहा मिनिटांत पन्नास वेळा पळालं आणि पन्नास वेळा आणलंत तर तो दिवस वाया गेला असं समजू नका, तालमीत जोर मारतात तसे तुमचे पन्नास जोर झाले.

माझं डोकं खरं उघडलं ते ज्ञानेश्वरीतल्या एका ओवीनं. माउली म्हणतात, या मनाचं एक बरं आहे, त्याला जिथं गोडी दिसते तिथं ते सोकतं, म्हणजे चटावतं, म्हणून त्याला कौतुकानं आतलं सुख दाखवत जावं. सोकणं हा आपला रोजचाच शब्द. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला सोकावलेल्या माणसाचे पाय संध्याकाळी आपोआप तिकडं वळतात, त्याला कुणी ओढत नेत नाही. मन रीलवर सोकलंय ते पण असंच. म्हणून बसून झाल्यावर लगेच उठू नका, दोन मिनिटं ती शांतता नुसती अनुभवा, मनाला चव लागू द्या. ही चव लागली की वैराग्यासाठी फार झगडावं लागत नाही, फोनची ओढ हळूहळू आपसूक ढिली पडते, माझी तरी पडली.

दिवसभरासाठी दोन गोष्टी. राग उसळला की त्याच्या उलटा विचार मुद्दाम आणायचा, याला प्रतिपक्षभावना म्हणतात. कुणाला टोचून मेसेज टाइप करत असाल तर तो पाठवून पुढं काय काय होईल ते आधी डोळ्यापुढं आणा. आणि माणसांशी वागताना चार भाव ठेवायचे, सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याचा आनंद, वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. उपेक्षा म्हणजे अपमान नाही हां, त्याला आपल्या डोक्यात भाड्यानं खोली द्यायची नाही एवढंच. भावकीतल्या कुणाचं नवीन घर झालं आणि पोटात कालवलं तर मैत्रीचा भाव तिथं आठवायचा, फार अवघड जातं पण झोप चांगली लागते.

पतंजली सांगतात हा अभ्यास बरेच दिवस, खंड न पाडता आणि आदरानं करावा. तरी एखादा दिवस चुकतोच, लग्न असतं, गाव असतं. तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून वीस मिनिटं बसू नका, तेवढीच दहा मिनिटं, त्याच जागेवर.