श्रुतींची पेटी बनवताय? या चुका टाळा

श्रुतींची पेटी म्हणजे नेहमीच्या बारा स्वरांऐवजी सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरांची, म्हणजे श्रुतींची, हार्मोनियम. पहिली चूक कागदावरच होते. सप्तक 1200 सेंटचं (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, इथे सापासून मोजलेलं), श्रुती 22, भागाकार केला की साडेचोपन्न, झाल्या श्रुती! या हिशेबाने तेराव्या पायरीवर पंचम येतो 709 सेंटवर. तंबोऱ्यातला पंचम 702 चा. सदाशिव पेठेतल्या घरी मी हा प्रयोग केला तेव्हा शेजारच्या आजींनीसुद्धा दार लावून घेतलं. श्रुतींमधली अंतरं सारखी नसतात. सर्वसाधारण हिशेबात ती 22, 70 आणि 90 सेंटची धरतात.

जुन्या नमुन्यावरून पेटी करायची तर बहुतेकजण देवल-क्लेमंट्स हार्मोनियमपाशी येतात. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, क्लेमंट्स हे ब्रिटिश काळातले सनदी (आयसीएस) अधिकारी, आणि पेटी बनली लंडनला. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मात्र तिच्या स्वरांवर वाद झाला. म्हणून त्यांचे आकडे डोळे मिटून उतरवू नका. आधी गवयाला ऐकवा.

खरी गंमत कानशीत आहे. सुराची, म्हणजे पेटीतल्या पितळी रीडची, जीभ टोकाला घासली की स्वर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घासल्यावर पितळ गरम असतं, स्वर किंचित उतरलेला लागतो. तेव्हाच आणखी घासलं की थंड झाल्यावर तो चढून बसतो. मी एक चांगला पालिताणा सूर (गुजरातेतल्या पालिताण्याचा रीड) असाच वाया घालवला. शिवाय टेबलावर बरोबर लागलेला गंधार (386 सेंट) पेटीत बसवून झाकण लावलं की हलतो, भाता जोरात मारला तर थोडा उतरतो. शेवटचं लावणं पेटीतच, नेहमीच्या भात्यावर.

सा बदलताना विसरू नका: काळी एक पट्टीला सा धरून लावलेली पेटी काळी चारला सा धरून वाजवली की जुना पंचम सा होतो. जुना 884 चा धैवत आता रिषभ, पण 182 चा. हवा असतो 204 चा. खुंटी ओढून (तिने त्याच पट्टीवर दुसरी श्रुती वाजते) वरचा धैवत घ्यावा लागतो, आणि असं प्रत्येक स्वराचं तपासायचं.

पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी अडकली म्हणून तासू नका, दिवाळीनंतर ती खुळखुळते.

वाजवताना राहिली एक गोष्ट. दरबारी रागाचा गंधार आंदोलित, म्हणजे हळूहळू झुलणारा. कुठल्याच खुंटीत तो मावत नाही. तिथे मी पट्टीवरचं बोट उचलतो आणि गायकाला एकट्याला जाऊ देतो.